पंधरा वर्षांची गाडी आणि चेसिस नंबरातला तो एक आकडा

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. आमची गाडी आरटीओच्या ट्रॅकवर नापास झाली. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, टायर चारही नवे, आणि पॉलिश तर असं की बाबा बॉनेटमध्ये बघून मिशी नीट करत होते. नापास कशावर झालो तर हेडलाइट, मागचा एक दिवा आणि चेसिस नंबर, म्हणजे पत्र्यात ठोकलेला गाडीचा ओळख नंबर, आणि या तिघांवर आम्ही महिनाभरात मिळून दहा मिनिटंसुद्धा घालवली नव्हती. म्हणून सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतोय, कारण पंधरा वर्षांची होत आलेली गाडी घरी असलेले बरेच जण आत्ता याच रांगेत आहेत.

गाडी बाबांची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, नोंदणी २३ फेब्रुवारी २०१०. घर कोकणात, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर, गाडी पडवीच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आठवड्यातून दोनदा बाजार आणि कधीतरी तालुक्याला, एवढाच वापर. मीटरवर ७१ हजार. खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, पंधरा वर्षांचं असतं, मग गाडी तपासून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. आपल्याकडे याला सगळे रीपासिंगच म्हणतात. आमची मुदत २२ फेब्रुवारी २०२५ ला संपणार होती. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून आमच्या हातात वेळ होता, पण बाबांना आठवण झाली संक्रांतीनंतर, तीसुद्धा विमावाल्याच्या फोनमुळे.

आधी एक गैरसमज, कारण तो आमच्याच घरात होता. मावसभाऊ ठामपणे सांगत होता की पंधरा वर्षं झाली की पेट्रोल गाडी भंगारात. ते दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाचं आहे, तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा असा हिशोब लागला. आपल्याकडे गाडी तपासणीत पास होते तोवर चालवता येते, फक्त खर्च वाढलाय. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली, त्याआधी ६०० होती. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, तो पेट्रोल कारला पाच वर्षांचे ३००० असा आम्ही भरला. उशीर केला तर महिन्याला ५०० वेगळे. आणि मुदत संपल्यावर गाडी रस्त्यावर आणली तर ती नोंदणी नसलेली गाडी धरतात, तिथे दंड हजारात असतो आणि अपघात झाला तर विम्याचं त्रांगडं वेगळंच.

आता तयारी. बाबांची तयारी म्हणजे पॉलिश, नवीन मॅट, सीट कव्हर. २२०० रुपये गेले. मिस्त्री हसून म्हणाला, काका, पॉलिशला मार्क नसतात. त्याने त्याच्या परीने नीट काम काढलं. बाबा गाडी कायम गिअरमध्ये टाकून उभी करतात, हँडब्रेक ओढतच नाहीत, त्यामुळे केबल आतल्या आत जाम झाली होती, ओढली की सुटेना. ती बदलली, मागचे ब्रेक शू साफ करून सेट केले, वायपर ब्लेड, हॉर्न, पुढचे दोन लिंक रॉड, आणि टायर. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, खाचेत छोटे उंचवटे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असं समजायचं. आमच्या टायरची नक्षी शिल्लक होती खरं तर, पण आठ वर्षं जुने होते, साइडला बारीक भेगा पडलेल्या, म्हणून घेतले. पुढचा क्रॅश गार्ड मावसभावानेच कधीतरी लावलेला, तो उतरवला, काचांची काळी फिल्म सोलून काढली, आणि त्या फिल्मचा चिकट डिंक काढायला मात्र अख्खी दुपार गेली.

कागदांची गोष्ट वेगळी. परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, मग ओटीपी येतो. ओटीपी कुठे जाणार? आरसीला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता, २०१० ला कोण जोडत होतं. ते आधी केलं. मग दिसलं की आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. कर्ज २०१५ ला फिटलं, बँकेने तेव्हा ना-हरकत दिली असणार, बाबांनी ती कुठल्यातरी फायलीत घातली असणार, आणि ती फाइल २०२१ च्या पुरात गेली असणार, अशी ही असणारांची साखळी. त्यात ती बँकच मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नव्या बँकेच्या शाखेत आधी म्हणाले जुनं खातं दिसत नाही, मग म्हणाले दिसतंय पण सही करणारे साहेब रजेवर आहेत, शेवटी नऊ दिवसांनी पत्र आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती सही-शिक्क्यासकट हातात आल्या. हे काम ज्याचं बाकी असेल त्याने गॅरेजच्या आधी करावं, कारण मिस्त्रीला रात्री अकरा वाजता फोन करता येतो, बँकेला नाही.

नवीन नंबर प्लेट, ती हाय सिक्युरिटीवाली एचएसआरपी, तिचंही तेव्हाच चालू झालं होतं, एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना. तेव्हा मुदत मार्चअखेर सांगत होते, नंतर ती वाढतच गेली, पण आम्ही लावून टाकली. कारला ७४५ अधिक जीएसटी.

पीयूसीवर जरा जास्त लिहितो कारण तिथे मला खरंच काहीतरी कळलं. जुन्या, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-टू आणि बीएस-थ्री मानकांच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत लागतो आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत. आम्ही सकाळी घरून निघालो, दोन किलोमीटरवर पीयूसीची व्हॅन, नळी घातली, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा १.४. नापास. मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने नारळाच्या काथ्याचं घरटं केलेलं, अगदी व्यवस्थित, मधे दोन सुपाऱ्या ठेवलेल्या. सगळे म्हणाले हेच कारण. घरटं काढलं, फिल्टर नवा टाकला, परत चेक केलं. १.२. म्हणजे उंदराचा फारसा संबंध नव्हता. मिस्त्री म्हणाला प्लग बदलू, ते खरंच काळे पडले होते, बदलले, आणि मग म्हणाला आता घरी नेऊ नका, हायवेला घाला आणि वीस-पंचवीस किलोमीटर पळवून तडक व्हॅनपाशी या, मधे बंद करू नका. सायलेन्सरच्या लाइनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो चांगला तापल्याशिवाय कामच करत नाही, आणि आमची गाडी आयुष्यभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत आलेली, ती तापायचीच नाही कधी. मुंबई-गोवा हायवेला, जिथे चौपदरी झालाय तेवढ्या तुकड्यात, पळवून आणली. आकडा ०.२८. तोच पाइप, तेच मशिन. १२५ रुपयांची पावती बाबांनी पाकिटात ठेवली जशी काही दहावीची मार्कलिस्ट.

तर असे आम्ही १३ तारखेला सकाळी साडेनऊला ट्रॅकवर. गेटबाहेर एक एजंट भेटला, सगळं धरून चौदा हजारात करून देतो म्हणाला, गाडी दाखवायलाही तुम्ही येऊ नका. बाबा म्हणाले, मग गाडी कोण बघणार? तो म्हणाला, काका तुम्ही टेन्शन घेऊ नका. याच उत्तरावर बाबांनी त्याला नाही म्हटलं. आम्ही सगळे पैसे आधीच ऑनलाइन भरले होते, अपॉइंटमेंट हातात होती.

इन्स्पेक्टर मॅडम होत्या, हातात टॉर्च आणि मोबाइल. मला वाटलं आधी ब्रेक बघतील, गाडी चालवायला सांगतील. त्या म्हणाल्या, बॉनेट उघडा. आणि सरळ इंजिनच्या मागच्या आडव्या पत्र्यावर टॉर्च मारला जिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो. पंधरा वर्षांची खारी हवा, वरून कधीतरी कोणीतरी मारलेला काळा रंग, त्याच्यावर धूळ आणि तेल. सतरातले चौदा वाचता आले. शेवटून दुसरा ३ आहे का ८ ते त्यांना कळेना, मलाही नाही. आरसीवर ८ होता. मी म्हणालो, मॅडम आरसीवर ८ आहे म्हणजे ८ च असणार ना. त्या म्हणाल्या, अहो तेच तर मला बघायचंय.

हे वाक्य मला तेव्हा उगाच खाष्ट वाटलं. घरी येताना पटलं. आपण समजतो तपासणी म्हणजे गाडी धड चालते का. त्यांच्यासाठी पहिला प्रश्न वेगळाच आहे, ही तीच गाडी आहे का जिचं आरसी समोर ठेवलंय. ते नक्की झाल्यावर मग दिवे, हॉर्न, ब्रेक. चोरीच्या, दोन गाड्यांचे तुकडे जोडलेल्या, दुसऱ्याच्या आरसीवर फिरणाऱ्या गाड्या याच टेबलावर सापडतात.

बाकीचे दोन मुद्दे आमचेच पराक्रम. हेडलाइटमध्ये मावसभावाने ऑनलाइन मागवून पांढरे एलईडी बल्ब टाकलेले, घरी शेडच्या भिंतीवर एकदम झकास दिसायचे. मॅडमनी लो बीम लावायला सांगितलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं, उजेडाला वरची कडच नाही, सगळीकडे फेकलाय. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये दुसरा बल्ब बसवला की प्रकाश जिथे पडायचा तिथे पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणि मागे, ब्रेक दाबला की डावा ब्रेक लाइट मंद आणि त्याच वेळी डावा इंडिकेटर लाल-पिवळा मिणमिणायचा. हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, कारण ब्रेक दाबणारा माणूस आत असतो आणि दिवा मागे. घरी दोघांनी मिळून दोन मिनिटं केलं असतं तर दिसलं असतं.

मॅडमनी परत आणायला सांगितलं, आणि जाता जाता म्हणाल्या, काका, नंबर साफ करा पण ग्राइंडर लावू नका, आकडा घासला गेला तर मग मीसुद्धा काही करू शकणार नाही.

बरं झालं म्हणाल्या, कारण मिस्त्रीकडे पोचलो तेव्हा त्याच्या पोऱ्याने वायर ब्रशची वाटी ग्राइंडरला लावूनच ठेवली होती. फोन आधी केलेला म्हणून. नंबर पत्र्यात ठोकलेला असतो, त्याची खोली फार नसते, वरून वायर ब्रश फिरला की गंजाबरोबर कडाही जातात आणि मग तो मुद्दाम खोडल्यासारखा दिसतो. नंबर पुन्हा ठोकून घेणं हे परवानगीचं काम आहे, गॅरेजात करायचं नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. कापडाची घडी रॉकेलमध्ये भिजवून संध्याकाळी नंबरावर ठेवली, वरून प्लास्टिक, आणि रात्रभर तशीच. रॉकेल शेजारच्या आजींकडे निघालं, त्यांनी कशाला हवंय ते तीनदा विचारलं. सकाळी जुना दात घासायचा ब्रश, आडवा नाही, आकड्याच्या कडेने हळूहळू. पहिल्या वेळी काळं पाणी, दुसऱ्या वेळी तपकिरी, तिसऱ्या वेळी पत्रा दिसायला लागला. वरचा रंग तसाच होता, त्याला थिनरचा बोळा, तोसुद्धा टिपून टिपून, घासून नाही. मग कोरडं करून पांढरा खडू चोळला आणि कोरड्या बोटाने पुसला. खडू खाचेत राहतो, वरचा निघून जातो. सतराच्या सतरा आकडे पांढरे उठून आले, आणि तो शेवटून दुसरा ८ होता, वरच्या गोलाची डावी बाजू तेवढी गंजाने भरलेली. बाबांनी चष्मा काढून, परत घालून, दोनदा वाचला.

मधे एक गोल होता, तो शून्य का इंग्रजी ओ यावर आमचं पाच मिनिटं चाललं. मिस्त्रीने एका वाक्यात संपवलं, चेसिस नंबरात ओ नसतोच. खरं आहे, सतरा अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. मग पतंगाचा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली आणि दोन प्रिंट काढून घेतल्या, एक फायलीला, एक घरी. शेवटी नंबरावर ग्रीसचं बोट फिरवून ठेवलं म्हणजे परत गंजणार नाही, पासिंगच्या दिवशी पुसायचं.

मागच्या दिव्याला खर्च शून्य. आधी आम्ही बल्ब बदलून पाहिला, काही फरक नाही, होल्डर बदलायचं म्हणत होतो तेवढ्यात मिस्त्रीने डिकीतून एक वायर काढून दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, आणि दिवा भसकन पूर्ण लागला. म्हणजे बल्ब चांगला, करंट चांगला, परत जायचा रस्ता बंद. अर्थिंगचा स्क्रू जिथे बॉडीला बसतो तिथे हिरवं-पांढरं फूल आलेलं. अर्थिंग मिळालं नाही की करंट इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून तो मिणमिणत होता. सॅंडपेपर मारला, स्क्रू आवळला, झालं. समुद्राजवळच्या गाडीला एक दिवा लावल्यावर दुसरा लागतोय असं दिसलं तर आधी हेच बघा, बल्बवर पैसे घालू नका. हेडलाइटला जुने एच-फोर हॅलोजन, ६०/५५ वॉटचे, परत टाकले, काच पिवळी पडलेली ती बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासली, आणि रात्री भिंतीसमोर उभी करून उजेडाची कड सरळ येते का ते पाहून स्क्रूने खाली घेतलं.

तारखांचं गणित मात्र घाम फोडणारं होतं. मुदत २२ तारखेपर्यंत, २२ ला शनिवार, ऑफिस बंद. १९ ला शिवजयंती, सुट्टी. १४ ची अपॉइंटमेंट मिळणार नव्हती, मधे शनिवार-रविवार, शेवटी मिळाली ती २१ ची, शुक्रवार, म्हणजे शेवटचाच कामाचा दिवस. त्या दिवशी पाऊस असता, बॅटरी गेली असती, सर्व्हर बंद असता, काहीही झालं असतं तरी आम्ही ५०० रुपये आणि आणखी एक फेरी एवढ्या गाळात गेलो असतो. काहीच झालं नाही. मॅडम त्याच होत्या. बॉनेट उघडलं, मी ग्रीस पुसलं, खिशातून खडू काढला तर त्या म्हणाल्या, राहू दे, दिसतंय. मोबाइलवर नंबराचा फोटो, गाडीचे फोटो, लो बीम, हाय बीम, इंडिकेटर, ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका, वायपर, हॉर्न, बेल्ट, हँडब्रेक ओढून चढावर थांबवा. हँडब्रेकला गाडी जराही हलली नाही आणि बाबांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की केबल त्यांनीच टाकली. बारा मिनिटं. उंदीर, पॉलिश, मॅट, काहीच कोणी विचारलं नाही.

खर्च विचारणारे विचारतातच म्हणून सांगतो, सरकारी ५००० आणि ३०००, कार्ड-पोस्टाचे किरकोळ, नंबर प्लेट जीएसटीसकट ८७९, पीयूसी पहिल्या नापास फेऱ्यांसकट धरून साडेतीनशेच्या आसपास, मिस्त्री सगळा माल धरून ४६००. टायरचे वेगळे, ते मी यात धरत नाही कारण ते तसेही घ्यायचेच होते. बाबांचं पॉलिशही मी धरत नाही, पण ते धरतात. पुढचं पासिंग २०३० ला, तेव्हा गाडी वीस वर्षांची झालेली असेल आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची फी दहा हजार केलीय, त्यामुळे तेव्हा घरात वेगळी मीटिंग होणार.

नवीन कार्ड पोस्टाने आलं, बँकेचं नाव गेलेलं. गाडी एक प्रकारे पंधरा वर्षांनी बाबांच्या नावावर झाली असं आई म्हणते.

एक काम बाकी आहे. २१ तारखेला परत आल्यावर मिस्त्रीने लिफ्टवर गाडी घेतली आणि डाव्या दाराखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरने टकटक केलं, एका जागी आवाज बसका आला आणि जरा जोर दिल्यावर टोक आत गेलं. वरून रंग शाबूत, आतून पत्रा सडलेला. बाबा म्हणाले, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारू. मिस्त्री म्हणाला, काका, लांबी भरायची तर माझ्याकडे आणू नका, हा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्डिंग करावा लागेल, पावसाळ्याआधी. बाबांनी विचार करतो म्हणून सांगितलंय.